डोक्याला वायरी लावून मन बरे होते का?

समजा, मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे. 'मुलगा एका जागी बसत नाही, लिहिता लिहिता मधेच उठतो, शेजारच्याच्या खोड्या काढतो. पालकांनी येऊन भेटावे.' आठवडाभरात शाळेच्या फाटकाबाहेर कुणीतरी आईच्या हातात रंगीत पत्रक ठेवते. त्यावर मेंदूचे चित्र, डोक्याला वायरी लावलेला हसरा मुलगा आणि खाली ठळक ओळी : चंचलपणा, नैराश्य, चिंता, निद्रानाश, मिरगी यांवर औषधाविना उपाय. दुष्परिणाम नाहीत. फक्त चाळीस बैठका. पहिली तपासणी मोफत.

आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात. एका बैठकीचे हजार रुपये धरले तरी चाळीस बैठकांचे चाळीस हजार होतात. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज वेगळा. एवढी रक्कम घरात नसते. मग बचत गटाचे कर्ज निघते, नाहीतर कानातले गहाण पडते. 'लेकरासाठीच आहे ना,' असे म्हणून आईवडील एकमेकांची समजूत घालतात.

हे पत्रक खरे की खोटे, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मशीन खोटे नाही, त्यामागे शंभर वर्षांचे विज्ञान आहे. परंतु त्या मशीनच्या नावावर जे आश्वासन विकले जाते, ते परीक्षेत उतरलेले नाही. ही परीक्षा कोणती, तिच्यात कोणते उपाय उतरले आणि आपल्या वस्तीतील माणसाने पैसे व वेळ कुठे लावावा, हे या लेखात पाहू.

मेंदूतील वीज कशी सापडली

आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींशी बोलतात त्या विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी. जर्मनीतील येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या आणि १९२९ साली ते काम प्रसिद्ध केले. त्या आलेखाला आज ईईजी म्हणतात. मिरगीच्या पेशंटला सरकारी दवाखान्यात डोक्यावर चिकट मलम लावून, वायरी जोडून जो पट्टा काढतात, तो हाच.

ही वीज किती लहान असते? घड्याळात घालायच्या सेलची वीज दीड व्होल्टची असते. डोक्याच्या कातडीवर मिळणारी लहर साधारण तिच्या तीस हजाराव्या भागाएवढी. नुसती पापणी लवली किंवा दात आवळले, तर त्याचीच वीज मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी उमटते. म्हणून ईईजी वाचणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. पडद्यावर हिरवे-लाल मेंदूचे चित्र दाखवून 'इथे बघा, तुमच्या मुलाचा हा भाग झोपला आहे' असे कुणी पाच मिनिटांत सांगू लागला, तर सावध व्हावे. ईईजीचा खरा उपयोग फिटच्या आजारात होतो. नैराश्य किंवा चिंता ओळखायला डॉक्टर ईईजीवर अवलंबून राहत नाहीत. ते पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून निदान करतात.

मांजरे आणि रॉकेटचे इंधन

१९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन नावाचे शास्त्रज्ञ मांजरांवर प्रयोग करीत होते. मांजर शांत पण सावध बसले की त्याच्या मेंदूत एक ठरावीक लहर दिसे. ती लहर आली की मांजराला दूध आणि कोंबडीचा रस्सा मिळे. काही दिवसांत मांजरे ती लहर आपणहून आणायला शिकली. पुढे त्याच स्टरमन यांना रॉकेटच्या इंधनातील एका विषारी रसायनाचा परिणाम तपासायचे काम मिळाले. त्या रसायनाने फिट येतात. पण आधी शिकवलेल्या मांजरांना फिट यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. मांजरांना तर हा उपचार आहे की काय आहे, याची काहीच कल्पना नव्हती. त्यामुळे या निष्कर्षाला वजन आले. १९७२ साली स्टरमन यांनी मिरगी असलेल्या एका तरुणीवरील प्रयोग प्रसिद्ध केला.

तिथून न्यूरोफीडबॅक हा उपचार वाढला. १९७६ पासून अतिचंचल मुलांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. पुढे नैराश्य, चिंता, झोप, व्यसन अशा सगळ्याच दारांवर त्याची पाटी लागली. मांजरांचा प्रयोग खरा होता. पण मांजराच्या फिटवरून माणसाच्या उदासपणावर उडी मारताना मधल्या पायऱ्या कुणी बांधल्या का, हे पाहावे लागते.

बैठकीत काय होते

मुलाच्या डोक्याला दोन-तीन ठिकाणी वायरी लावतात. समोर पडद्यावर विमान किंवा गाडी असते. मेंदूत हवी ती लहर वाढली की विमान वर चढते, कमी झाली की खाली येते. मुलगा नकळत तशी लहर आणायला शिकतो, अशी यामागची कल्पना आहे. अशा अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठका आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण तीस ते चाळीस घेतात. दुखत नाही, शॉक बसत नाही. वायरी मेंदूत वीज सोडत नाहीत, त्या फक्त वाचतात.

बैठका संपल्यावर पुष्कळ पालक सांगतात, 'फरक पडला.' ते खोटे बोलत नसतात. प्रश्न एवढाच की फरक मशीनने पडला की आणखी कशाने?

खरी परीक्षा : एकाला खरे, एकाला नकली

हा प्रश्न सोडवायला एकच प्रामाणिक मार्ग आहे. मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला खरे मशीन, दुसऱ्याला हुबेहूब तसेच नकली. नकली मशीनमध्ये विमान वरखाली होते, पण ते या मुलाच्या मेंदूवर चालत नाही, दुसऱ्याच कुणाच्या आधी काढून ठेवलेल्या आलेखावर चालते. कोणाला खरे आणि कोणाला नकली, हे मुलाला, आईवडिलांना, शिक्षकांना आणि बैठक घेणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही. शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची.

अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ अतिचंचल मुलांवर अशी परीक्षा झाली आणि तिचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलासाठी ३८ बैठका ठरल्या होत्या. खऱ्या मशीनच्या गटात मुले सुधारली. आईवडिलांनी सांगितले, शिक्षकांनीही सांगितले. पण नकली मशीनच्या गटातही मुले तेवढीच सुधारली. वर्षभराने पुन्हा पाहिले, तरी लक्ष लागण्याच्या बाबतीत दोन गटांत फरक नव्हता. खऱ्या गटातील मुलांना पुढे औषध काहीसे कमी लागले, असे त्यात दिसले. म्हणून काही शास्त्रज्ञ अजून या विषयावर काम करीत आहेत. पण ज्या तक्रारीसाठी पालक मुलाला घेऊन आले होते, त्या तक्रारीत मशीनचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही.

एकाच अभ्यासावर भरवसा ठेवू नये म्हणून संशोधकांनी जगभरातल्या ३८ चाचण्या एकत्र केल्या. त्यांत जवळपास अडीच हजार लोक होते. 'जामा सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात तो आढावा अलीकडेच आला. ज्यांना कोणता उपचार चालू आहे हे माहीत नव्हते, अशांनी दिलेले गुण पाहिले, तर अतिचंचलतेच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

झोपेचेही तसेच. ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांनी निद्रानाशाच्या पेशंटवर खरे आणि नकली न्यूरोफीडबॅक करून पाहिले. २०१७ साली निकाल आला. पेशंट म्हणाले, बरे वाटते. खऱ्याच्या वेळीही म्हणाले आणि नकलीच्या वेळीही.

मग फरक कशाने पडला?

हा या विषयातला सर्वांत कामाचा प्रश्न आहे. नकली मशीनसमोर बसलेली मुले का सुधारली?

पहिले कारण, काळ. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ते त्रास सर्वांत वाढलेला असताना. चढलेला त्रास काही महिन्यांत बहुतेक वेळा थोडा उतरतोच. दुसरे, मूल वाढते. आठ वर्षांचे मूल सहा महिन्यांनी थोडे शहाणे होतेच. तिसरे, सराव. आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी अर्धा तास शांत बसणे हा स्वतःच एक चांगला धडा आहे. चौथे, लक्ष. एरवी आईला मुलाकडे बघायला सवड नसते. इथे ती चाळीस वेळा त्याला घेऊन जाते, वाटेत बोलते, आल्यावर 'आज विमान किती वर गेले?' म्हणून विचारते. केंद्रातला माणूस त्याला शाबासकी देतो. ज्या मुलाने शाळेत फक्त ओरडा खाल्ला आहे, त्याला कुणीतरी शाबासकी देते, हे लहान औषध नव्हे. आणि पाचवे, आशा. पैसे मोजले आहेत म्हटल्यावर मन सुधारणा शोधत राहते.

या पाच गोष्टींपैकी एकीलाही वायर लागत नाही. काळ आणि वाढ तर फुकट आहेत. ठरलेली वेळ, आईबापाचे लक्ष आणि शाबासकी यांना पैसे नाहीत, सवड मात्र लागते. चाळीस हजारांचे कर्ज फेडायला आईने आणखी दोन घरची कामे धरली, तर नेमकी तीच सवड हातची जाते.

मोबाइलवरचे मेंदूचे खेळ

दुसरी जाहिरात मोबाइलवर येते. रोज पंधरा मिनिटे हा खेळ खेळा, स्मरणशक्ती वाढवा, बुद्धी तल्लख करा. याचीही परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला दिले. २०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निकाल आला. लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, पण इतर कामांत बुद्धी वाढली असे दिसले नाही. कॅरम खेळून खेळून माणूस कॅरममध्ये पटाईत होतो, त्याने गणित सुधारत नाही, तसेच हे.

'लुमोसिटी' हा अशा खेळांचा जगप्रसिद्ध ॲप. तो चालवणाऱ्या कंपनीने जाहिरातीत असे दाखवले की शाळेत आणि कामावर प्रगती होते, म्हातारपणीचे विसरणे लांबते. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने याला पुरावा नाही म्हणून कारवाई केली आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. खेळ मजेसाठी खेळायला हरकत नाही. उपचार म्हणून त्यासाठी महिन्याची वर्गणी भरू नये.

डोळे बांधून वाचणारी मुले

आपल्याकडे तर याहून पुढची मजल गेली. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाचे वर्ग महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत निघाले. मेंदूचा मधला भाग जागा करतो, मग मूल डोळे बांधून वाचते, असा दावा. व्यासपीठावर मूल खरोखर वाचून दाखवते आणि पालक थक्क होतात.

त्यातली हातचलाखी साधी आहे. पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मूल मान किंचित वर करून त्या फटीतून खाली पाहते. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने हे वेळोवेळी उघड केले. फट पूर्ण बुजवली किंवा वस्तू डोक्याच्या मागे धरली की वाचणे बंद होते. पैशांचे नुकसान तर होतेच. पण मुलाला खोटे बोलायला शिकवले जाते आणि ते आईवडिलांना सांगताही येत नाही, हे नुकसान अधिक मोठे. बोटांच्या ठशांवरून बुद्धी मोजणारी चाचणीही याच जातकुळीतली. तिला शास्त्रीय आधार नाही, असे भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केले आहे.

मेंदूचा व्यायाम कुठे उपयोगी पडतो?

सगळेच फेकून द्यावे असेही नाही. स्किझोफ्रेनियाच्या आजारात भास आणि संशय औषधाने आटोक्यात आले, तरी लक्ष टिकणे, आठवणे, कामाची आखणी करणे या गोष्टी मागे पडलेल्या राहतात. त्यासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ समोर बसून मेंदूचे सराव करून घेतात. अनेक चाचण्यांत त्याचा माफक पण खरा फायदा दिसला आहे. फायदा जास्त कुठे दिसतो? जिथे औषध चालू आहे, शिकवणारा माणूस सोबत आहे आणि सरावाबरोबर काही कामधंदाही शिकवला जातो तिथे. म्हणजे डबा भरणे, हिशेब ठेवणे, शिवणकाम, दुकानात हातभार. नुसता मोबाइल हातात देऊन ते होत नाही.

आणखी एक खुलासा. चुंबकाच्या साहाय्याने मेंदूला बाहेरून चालना देणारे वेगळे मशीन असते. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून त्याला परवानगी आहे. ते मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरतात. त्याची आणि पत्रकावरच्या न्यूरोफीडबॅकची गल्लत करू नये. कोणतेही मशीन दिसले की खरे किंवा खोटे ठरवण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे.

अनेक वाचक विचारतील की आनापान आणि हे एकच का? काही केंद्रे 'मशीनवरचे ध्यान' अशीच जाहिरात करतात. श्वासाकडे लक्ष देण्याच्या सरावाने ताण हलका होण्यास मदत होते आणि त्याला मशीन लागत नाही. पण तोही औषधाच्या जागी घेऊ नये. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौन शिबिराला धाडण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. शिबिरांच्या अर्जातही आजाराची माहिती मागतात. ती लपवू नये.

परीक्षेत उतरलेला उपाय गोव्यात सापडतो

आता ज्या परीक्षेत मशीन मागे राहिले, तशीच तुलनेची परीक्षा दिलेला एक उपाय पाहा. तो आपल्या शेजारचा आहे.

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेले ४९५ पेशंट निवडले. त्यांचे नैराश्य बरेच वाढलेले होते. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आरोग्य केंद्रातील नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला. दुसऱ्याला त्यासोबत एका समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी दिल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. ती स्थानिक सामान्य माणसे होती. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, काही पेशंटच्या घरीच. भेटीत काय करायचे? उदास माणूस कामे सोडत जातो, माणसे टाळत जातो आणि त्यामुळे आणखी उदास होतो. ही साखळी त्याला दाखवायची. मग या आठवड्यात करता येईल असे एक छोटे काम दोघांनी मिळून ठरवायचे. शेजारणीकडे जाऊन बसणे, अर्धवट राहिलेले शिवण पुरे करणे, सकाळी चालून येणे. पुढच्या भेटीत विचारायचे, जमले का? अडले कुठे?

तीन महिन्यांनी पाहिले. भेटी मिळालेल्या गटात १०० पैकी ६४ जणांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्या गटात १०० पैकी ३९ जणांचे. २०१७ साली 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात हा निकाल छापून आला. इथे तुलना आहे, आकडा आहे आणि फरकही आहे. हा फरक घडवला तो शिकवून तयार केलेल्या साध्या माणसाने.

आपल्या वस्तीसाठी याचा अर्थ मोठा आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, महिला मंडळातील कार्यकर्ती यांना असे प्रशिक्षण मिळाले, तर पुष्कळ घरांचा भार हलका होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे शिबिर होते तेव्हा वस्तीतील मंडळांनी अशा प्रशिक्षणाची मागणी लेखी करावी.

औषध परस्पर बंद करू नका

पत्रकावरील 'औषधाविना' हा शब्द सर्वांत धोक्याचा आहे. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. पण मिरगीच्या पेशंटने गोळ्या एकदम बंद केल्या, तर एकामागून एक फिट येत राहून जीव जाऊ शकतो. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटने गोळ्या सोडल्या, तर आजार उलटतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तोवर 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नये. सुस्ती, वजन वाढणे, हात थरथरणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते.

चंचल मुलाचेही तसेच. प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, भांडणे आणि रात्री बारापर्यंतचा गोंगाट असेल, तर झोप न झालेले मूल दिवसा चुळबुळ करणारच. आधी त्याची झोप, नजर, कान आणि रक्त तपासून घ्यावे. खरी अतिचंचलता घरात आणि शाळेत दोन्हीकडे दिसते, बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली असते आणि मुलाचे रोजचे जगणे अडवते. तसे निदान झाले तर त्यावर औषध आहे आणि पालकांनी मुलाशी कसे वागावे याचे प्रशिक्षणही आहे. दोन्हींना पुरावा आहे.

कुठे जायचे?

फोन : टेलिमानस, क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. काय बोलायचे हे सुचत नसेल, तर 'घरात एक जण बरा नाही' एवढे म्हणून सुरुवात करावी.

दवाखाना : जिल्ह्याचे सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. केसपेपर काढून 'मानसोपचार ओपीडी' विचारा. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे या रुग्णालयांत हा विभाग आहे. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे गेले म्हणजे भरतीच करतात असे नाही. तपासून, गोळ्या देऊन घरीही पाठवतात.

खर्च : राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, ते खिडकीवर विचारावेत.

हक्क : मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असे त्या कायद्यात लिहिले आहे. जात, धर्म, लिंग किंवा वर्ग पाहून भेदभाव करता येणार नाही, हेही त्यात लिहिले आहे. कुणी हिडीसफिडीस केली, तर या कायद्याचे नाव घेऊन लेखी तक्रार करावी.

तातडी : कुणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर 'नाटक करतो' म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये, उंदराचे औषध, फिनेल, गोळ्यांचा साठा नजरेआड करावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

तरीही एखाद्या केंद्रात जायचे ठरले, तर हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. निदान कोणी केले? मानसोपचारतज्ज्ञाने की विकणाऱ्यानेच?

२. उपचार देणाऱ्याची नोंदणी कुठे आहे? चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. क्रमांक मागावा.

३. नकली मशीनशी तुलना करून हा उपचार सरस ठरला आहे का? 'आमच्याकडे शेकडो लोक बरे झाले' हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

४. चालू औषध बंद करायला सांगता का? 'हो' म्हणाले, तर तिथून उठावे.

५. पैसे बैठकीगणिक घेता की एकरकमी? एकरकमी देऊ नयेत. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर फोन करावा. पावती आणि ते रंगीत पत्रक दोन्ही जपून ठेवावे, जाहिरातीतील खोट्या दाव्याचा पुरावा तेच असते.

आता पुन्हा शाळेच्या त्या चिठ्ठीकडे येऊ. आईने काय करावे? आधी शिक्षकांना भेटावे आणि मुलगा कोणत्या तासाला, कुणाशेजारी बसल्यावर जास्त चुळबुळतो, हे विचारावे. दोन आठवडे त्याची झोपेची वेळ सांभाळावी. मग एक दिवसाचा रोज बुडवून सिव्हिलच्या ओपीडीत जावे. तो एक दिवस चाळीस दिवसांपेक्षा स्वस्त आहे. आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर, स्टोव्ह पेटवण्याआधी, दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसून त्याने आज काय केले ते ऐकावे. एक जरी गोष्ट नीट केली असेल, तर ती वडिलांच्या देखत बोलून दाखवावी. कानातले कानातच राहू द्यावेत.